आत्याच्या घरचं पाणी

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या छापखान्यात त्या उन्हाळ्यात एक पुस्तिका आली होती. छापायला नव्हे, नमुना म्हणून. इंडोनेशियातल्या कुठल्याशा खेड्याची. पर्यटकांनी आणि गुंतवणूकदारांनी आपल्याकडं यावं म्हणून त्या गावानं ती काढलेली. पानापानावर हिरवीगार भातखाचरं, धबधबे, डोक्याला रुमाल बांधून हसणारी माणसं. मालकांनी ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "असंच एक आपल्याला करायचंय. मजकूर तुम्ही लिहायचा. गाव तुमच्या माहितीतलं आहे म्हणे."

गाव माहितीतलं होतं म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचं होतं. करमाडच्या पुढं, जालना रोड सोडून थोडं आत. तिथले सरपंच तरुण होते, कुठल्याशा प्रदर्शनात गेले होते आणि ती पुस्तिका घेऊन परतले होते. शेंद्र्याकडं कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॉटच्या पाट्या लागत होत्या. एका पाटीवर तर 'लेक व्ह्यू' असं लिहिलेलं होतं. तो लेक मी येता-जाता जीपमधून मान वळवून वळवून शोधला, मला कधी दिसला नाही. शहर आपल्याकडं यायलंय तर ते आपल्या गावावरून पुढं निघून जाऊ नये, एवढंच सरपंचांना वाटत होतं. त्यात चूक काय होती?

फक्त दुष्काळाचं सलग कितवं तरी वर्ष चालू होतं. इंडोनेशियाच्या पुस्तिकेत जे मथळे होते तेच मला वापरायचे होते. 'निसर्ग' या मथळ्याखाली काय लिहावं म्हणून मी एक अख्खी दुपार बसले. 'जलस्रोत' या मथळ्यापाशी तर हात टेकले. गावच्या विहिरीत टँकर रिकामा करायचे आणि बायका ती विहीर पुन्हा रिकामी करायच्या, याला जलस्रोत म्हणायचं का? मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "सकारात्मक लिहा." सकारात्मक म्हणजे काय, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

मग 'मुक्कामाची सोय' हा मथळा आला, आणि इथून आत्या या गोष्टीत शिरली.

आत्या तेव्हा एकटीच राहायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा वाळूजला कंपनीत, सून-नातवंडं तिकडंच. मुलानं गावात मोठ्या हौसेनं एक पक्की खोली बांधली होती, फरशी, पंखा, शेजारी संडास-बाथरूम, आणि ती बारा महिने कुलपात. सरपंचांनी ग्रामसभेत विचारलं, की पाहुणे आले तर कुणाच्या घरी उतरवायचे, कोण जेवू घालील? आत्या उठून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या घरी."

हे मला सरपंचांनी सांगितलं. सांगताना ते जरा थांबले आणि मग म्हणाले, "सभा एकदम गप झाली होती, ताई. पर मी म्हणलो, व्हय, मावशीचंच घर. दुसरं हायेच कुठं तसं?"

सभा गप का झाली, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मला विचारायची गरज नव्हती. आमचं घर बौद्ध. आत्या लहान असताना तिच्या माहेरी, म्हणजे माझ्या वडिलांच्या गावी, विहिरीवर चढायची आमच्या माणसांना मुभा नव्हती. बाया-पोरी घागरी घेऊन खाली उभ्या राहायच्या. वरच्या कुणाला दया आली की तो पोहरा उंचावरून रिकामा करायचा. कधी घागरीत पडायचं, कधी अंगावर. आत्या हे सांगायची तेव्हा तिला राग आल्यासारखा वाटायचा नाही. ती फक्त म्हणायची, "अंगावर पडलेलं पानी लई थंड लागायचं, बाई." मी शहरात वाढले. वडील ऑफिसात नोकरीला होते, सगळ्यांच्या नळाला यायचं नाही तेव्हाच आमच्याही नळाला पाणी यायचं नाही. त्यामुळं मला ते ऐकून खूप राग यायचा आणि त्या रागाचं करायचं काय ते कळायचं नाही.

आता त्याच आत्याच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे जेवणार होते. सरकारी दौऱ्यावर आलेले नव्हेत, मतं मागायला आलेले नव्हेत. हौसेनं, पैसे मोजून, तिच्या हातचं खायला. तिला पैशाचं काही पडलं नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, की परक्या माणसांनी गावात येऊन विचारावं, 'त्या बाईंचं घर कुठं?' आणि गावानं बोट दाखवावं. हे तिनं मला तोंडानं सांगितलं होतं, चुलीपुढं बसून, लाजत. त्या वयाची बाई लाजताना मी पहिल्यांदाच बघितली.

पाहुण्यांची पहिली तुकडी बघायला येणार असं ठरलं. मुक्काम नाही, नुसता फेरफटका. त्यांना आवडलं तर घर पुस्तिकेत फोटोसकट जाणार आणि पुढचे लोक तिथं राहणार. मी आदल्या दिवशीच गावात जाऊन राहिले.

सरपंचांनी पाहुण्यांसाठी फिल्टरच्या पाण्याचे जार मागवले होते. त्या वर्षांत गावोगाव ते निळसर जार फिरायचे. त्यांनी एक आत्याकडंही पाठवला. आत्यानं तो तसाच परत पाठवला.

"अगं, ठेव की," मी म्हणाले.

"जारचं पानी कुनी बी देईल. मंग माझं काय त्यात?"

तिनं टँकरचं पाणी टिपाडात भरून ठेवलं होतं. त्यात तुरटी फिरवली, गाळ खाली बसू दिला, वरचं निवळ पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, उकळलं, पुन्हा गाळलं. करमाडच्या बाजारातून नवा माठ आणला होता, त्यात ते भरलं आणि वाळ्याची जुडी टाकली. स्टीलचे ग्लास राखेनं घासून पुसून ओळीनं मांडले. हे सगळं करायचं तर पाणी कुठून तरी वाचवायला हवं होतं. ते कुठून वाचवलं होतं हे तिच्या अंगावरच्या मळकट लुगड्याकडं बघून मला समजलं. चांगलं लुगडं तिनं दोरीवर वेगळं काढून ठेवलं होतं, सकाळी नेसायला.

पाहुणे मिनीबसमधून आले. त्यांना आणणाऱ्या एक बाई होत्या, उत्साही, सारखी टाळी वाजवून सगळ्यांना गोळा करणाऱ्या. बाकीच्यांत कुणी गोदामासाठी जागा बघत होतं, कुणाला फार्महाउस हवं होतं, कुणी नुसतंच आलं होतं. आधी सरपंचांच्या घरी चहा-पोहे झाले. सगळ्यांनी खाल्लं-प्यालं. मी तिथं होते, मी बघितलंय.

ते चहा संपवून बाहेर पडतात न पडतात तोच टँकर आला. त्या दिवशी तो यायचाच नव्हता, निदान सरपंचांनी तसं बजावून ठेवलं होतं. पण टँकरवाला कुणाच्या बापाचं ऐकत नाही. विहिरीत पाण्याचा पाइप सुटला आणि सगळं गाव कळश्या, बादल्या, दोऱ्या घेऊन धावलं. एका म्हाताऱ्या बाईला धक्का बसला, दोन जणींत जुंपली. पाहुणे रस्त्याच्या कडेला उभे राहून बघत होते. काहींनी फोटो काढले, काहींनी काढलेले फोन खाली केले. सरपंचांचा चेहरा बघवत नव्हता. मी पुढं पळत आत्याला सांगायला गेले, की येतायत.

त्यामुळं मधल्या वाटेत त्यांच्यात काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. आजही माझा सगळा गोंधळ त्या एवढ्याशा वाटेवर अडून बसलाय.

आत्या दारात उभी. चांगलं लुगडं, केसांना तेल, अंगण सारवलेलं. पाहुणे आले, त्यांनी हात जोडले, 'वा वा' केलं. बसायला सतरंज्या होत्या, काही बसले, काही खोली बघून आले. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्या शेजारी निळ्या कोटातली तसबीर, दोन्हींना ताजे हार. आत्यानं ग्लास भरले, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि पहिल्या पाहुण्यापुढं जाऊन म्हणाली, "पानी घ्या."

"नको नको, मावशी. आहे आमच्याकडे." त्यांनी बाटली दाखवली.

दुसऱ्यांनी ग्लासावर हात आडवा धरला. तिसऱ्या बाई म्हणाल्या, "खरंच नको हं, राहू दे." सगळे हसून बोलत होते, आवाज मऊ होते, आणि प्रत्येक जण आपापली बाटली वर करून दाखवत होता. एका गृहस्थानं मात्र ग्लास उचलला. ओठांपर्यंत नेला. मग त्याची नजर समोर भिंतीवर गेली आणि त्यानं ग्लास परत ताटात ठेवला.

मी हे बघितलं. आत्यानंही बघितलं.

ताट सगळीकडं फिरून होतं तसं भरलेलं परत आलं. आत्या ते घेऊन अंगणात गेली आणि एकेक ग्लास लिंबाच्या रोपाच्या बुडाशी ओतू लागली. त्या दुष्काळात, पाहुण्यांच्या देखत, शांतपणे. टाळीवाल्या बाईंनी टाळी वाजवली आणि मंडळी उठली. जेवणाचं त्यांनी आधीच शहरात ठरवलेलं होतं.

ते गेल्यावर आत्या मला म्हणाली, "माझं घर काढ तुझ्या पुस्तकातून."

"अगं, पण आपण विचारू तरी—"

"काय इचारतीस? सरपंचाच्या घरी चहा पेले का नाय?"

"प्यायले."

"माझ्या घरी पानी पेले का?"

तिचं गणित इतकं सरळ होतं, की त्यात बोट घालायला जागाच नव्हती.

मी सरपंचांकडं गेले. ते बिचारे टँकरच्या प्रकारानं आधीच खचले होते. म्हणाले, "आईशप्पथ ताई, मी एक शब्द बोललो नाय. मावशी कोन, कुनाची, काय बी नाय. माझ्या तोंडातून निघालं असंल तर जीभ झडो." माझा त्यांच्यावर विश्वास बसला. मग घरी येईपर्यंत तो थोडा डळमळला. मग पुन्हा बसला.

शहरात परतल्यावर मी त्या टाळीवाल्या बाईंना फोन लावला. त्या मनापासून बोलल्या. "अहो, आम्ही मुद्दामच घेतलं नाही! तो टँकर बघितला आणि आम्हाला इतकं कसंतरी झालं. वाटेतच मी सगळ्यांना सांगितलं, की आता कुणाच्याही घरचं पाणी प्यायचं नाही. त्यांना पुरत नाही, आपण कसं प्यायचं? पण एक सांगू का, तुमच्या आत्या तर ते पाणी झाडाला घालत होत्या. आमच्यातले दोघे तिघे म्हणत होते, की मग दुष्काळ नक्की आहे कुठं?"

म्हणजे त्यांनी माया केली होती आणि आत्यानं अपमान गिळला होता. आत्यानं अपमान ओतून टाकला तर त्यांनी गावात पाणी मुबलक असल्याचं ठरवलं होतं. मला हसूही आलं आणि रडूही आलं. पण त्याहून जास्त आनंद झाला. म्हटलं, चला, सुटलं कोडं. पुढच्याच रविवारी गंगापूरचं एक लग्न बुडवून मी करमाडची जीप धरली आणि आत्यापुढं सगळं ओतलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. ज्वारी निवडत होती, हात थांबले नाहीत.

"समद्यांनी मिळून ठरीवलं व्हतं?"

"हो."

"मंग त्यो ग्लास का उचलला एकानं?"

"विसरला असेल. तहान लागली असेल, मग आठवलं असेल."

"भिंतीकडं बघून आठवलं?"

ग्लास ठेवायला माणूस मान वर करतोच. समोर भिंत असली तर भिंतीकडंच बघणार. किंवा त्यानं खरोखर तसबीर बघितली असेल आणि त्याला काही वेगळंच सुचलं असेल, आदरानं सुद्धा थबकला असेल. किंवा आत्याला वाटलं तेच खरं असेल. शहरात मला घर भाड्यानं देताना आडनाव विचारून 'कळवतो' म्हणणारे लोक मऊ आवाजातच बोलले होते. त्यातल्या एकाची खोली खरोखर दुसऱ्या कुणाला आधीच दिलेली निघाली. मी त्याच्यावर किती दिवस दात खाऊन होते! बाकीच्यांचं खरं काय होतं, ते कधीच बाहेर आलं नाही. आमच्यासारख्यांचं हेच होतं. अपमान झाला की नाही, हे ठरवण्यातच अर्धा जीव जातो.

"तुला काय वाटतं?" आत्यानं विचारलं.

"मला कळत नाही, आत्या. खरंच कळत नाही."

"मला बी कळंना," ती म्हणाली. "कळलं असतं तर शिवी तरी दिली असती."

पुस्तिका छापली गेली. 'मुक्कामाची सोय' या मथळ्याखाली 'लवकरच उपलब्ध' एवढंच राहिलं. 'निसर्ग'खाली मी टेकडीवरच्या सूर्यास्ताबद्दल लिहिलं, कारण सूर्य दुष्काळातही मावळतो. सरपंचांनी गठ्ठे नेले. कोण आलं, कोण नाही, मला फारसं कळलं नाही. पुढं पाऊस झाला, पुन्हा नाही झाला, पुन्हा झाला. शहर मात्र कशाचीच वाट न बघता येत राहिलं. रस्ता रुंद झाला, गावाला फाटा फुटला, ट्रक-टेम्पो आत्याच्या अंगणासमोरून जाऊ लागले. गावाला नळ आला, नळाला कधीमधी पाणीही येऊ लागलं.

एका उन्हाळ्यात आत्याचा फोन आला. "पानपोई टाकलीय. बघून जा."

मी गेले. दारासमोर रस्त्याच्या कडेला तट्ट्याचा मांडव, त्यात ओले फडके गुंडाळलेले मोठे माठ, साखळीला बांधलेले ग्लास. पाणपोईवर नाव असतं, बहुतेक ते वारलेल्या माणसाचं असतं, अमुक यांच्या स्मरणार्थ. इथं आत्यानं स्वतःचं घातलं होतं. पेंटरकडून रंगवून घेतलेली निळी पाटी. वर आत्याचं नाव, मग मामांचं, आणि खाली आडनाव, सगळ्यांत मोठ्या अक्षरात. 'पाणपोई' हा शब्द त्याच्याखाली कुठंतरी कोपऱ्यात चेपला होता.

"अगं, तू जिवंत आहेस," मी म्हणाले.

"म्हनूनच. मेल्यावर कोन बघायला येतंय?"

ती मांडवाच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. मीही बसले. मोटारसायकलवाले थांबत होते, कामावर जाणाऱ्या बाया थांबत होत्या, एक चारचाकी थांबली. सगळे पाणी प्यायले, तोंडावर मारलं, निघून गेले. मला इतकं बरं वाटलं, की मी म्हणाले, "बघ आत्या. सगळे पितात."

"पेतेत. पर कुनी वाचतच नाय."

"मग चांगलंच आहे की!"

"काय चांगलं?" ती माझ्याकडं वळून म्हणाली. "न वाचता पेलेलं काय कामाचं, बाई?"

मी पुन्हा गोंधळले. मला वाटलं होतं, की वाचायची गरजच उरू नये, इथवर पोचायचं होतं आपल्याला. तिचं पोचायचं ठिकाण वेगळं होतं हे मला इतक्या वर्षांत समजलं नव्हतं. मी जे उत्तर लोकांच्या मनात शोधत बसले होते, ते ती रस्त्यावर खुर्ची टाकून मागत होती.

एवढ्यात एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर पन्नाशीचा, घामानं निथळत, हातात रिकामी बाटली. "मावशी, भरून घेऊ का?"

"आधी ते वाच."

"काय?"

"पाटी. मोठ्यानं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो पाटीकडं वळला, डोळे बारीक केले आणि वाचू लागला. आत्याचं नाव, मामांचं नाव. मग आडनाव. ते वाचताना तो क्षणभर थांबला. का थांबला, देव जाणे. अक्षरं मोठी होती, ऊन डोळ्यांवर होतं.

"वाचलं," तो म्हणाला. "आता भरू?"

आत्या खुर्चीवरून उठली. साखळीचा ग्लास सोडून घरातला स्टीलचा ग्लास घेऊन आली, माठातून स्वतःच्या हातानं भरला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं तो उभ्याउभ्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि ग्लास पुन्हा पुढं केला. "अजून एक द्या, मावशी."

तिनं दिला. मग त्याची बाटली भरून दिली. टेम्पो गेला तरी ती तो रिकामा ग्लास हातात धरून तशीच उभी होती.

"लिव आता," ती मला म्हणाली. "माझं घर लिव तुझ्या पुस्तकात."

पुस्तिका कधीच जुनी झाली होती, छापखाना विकला गेला होता, आणि तो टेम्पोवाला कोण, कुठला, कुणाचा, हेही आम्ही विचारलं नव्हतं. यातलं काहीच मी तिला सांगितलं नाही. हो म्हणाले आणि पर्समध्ये पेन शोधू लागले.